गादीतल्या धुळीचा शोध

डॉक्टर म्हणतात, "धुळीची ॲलर्जी आहे." आपण लगेच खिडक्या लावून घेतो, कारण धूळ म्हटली की रस्ताच आठवतो. पण दमेकऱ्याला छळणारी धूळ बरेचदा त्याच्या अंथरुणातच असते. तिच्यात नेमकं काय आहे हे कळायला वैद्यकाला चाळीसहून जास्त वर्षं लागली.

१९२१ साली अमेरिकेत रिचर्ड कर्न यांनी घरातल्या धुळीचा दम्याशी असलेला संबंध मांडला. धुळीचा अर्क त्वचेत टोचला की अनेक रुग्णांना गांधी उठत. धूळ दोषी ठरली, पण धुळीतलं काय? पिसं, लोकर, बुरशी, सगळ्यांवर संशय गेला. हॉलंडमधल्या लायडनला स्टॉर्म व्हान लेवेन यांना दिसलं, की दमट, सखल भागात दमा जास्त आणि उंच डोंगरावर नेलं की तोच रुग्ण सुधारतो. १९२८ मध्ये डेकर या जर्मन डॉक्टरांनी तर अंथरुणातल्या किड्यांकडे सरळ बोट दाखवलं. ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही, याची आजही हळहळ वाटते.

उत्तर अखेर लायडनलाच सापडलं. १९६४ मध्ये वूरहॉर्स्ट आणि स्पीक्स्मा यांनी डस्ट माइट पकडला: कोळ्याच्या गोतातला, आठ पायांचा, जेमतेम ०.३ मिलिमीटरचा. आपल्या अंगावरून झडलेला कोंडा हे त्याचं खाणं. पाणी तो पीत नाही, हवेतली वाफ अंगात ओढून घेतो. म्हणून हवा सतत कोरडी राहिली, आर्द्रता ५० टक्क्यांच्या बरीच खाली गेली, की तो सुकून मरतो. डोंगरावरच्या कोरड्या हवेत रुग्णाला बरं का वाटायचं, ते इथे उलगडलं.

१९८१ मध्ये आणखी एक गोष्ट कळली. त्रास मुख्यतः माइटच्या विष्ठेचा होतो. तिच्या गोळ्या परागकणांएवढ्या असतात. चादर झटकली, उशी थोपटली की त्या उडतात आणि थोड्याच वेळात खाली बसतात. त्यांतलं पचनाचं एक एन्झाइम श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशींचे सांधे सैल करतं.

मुंबई-कोकणात पावसाळ्याचे चार महिने हवा ओलीच असते. कापसाची गादी दमट लागते, कुबट वास येतो, आणि माइटला याहून सुखाची जागा नाही. पाऊस ओसरला की गाद्या-गोधड्या गच्चीवर टाकायची आपली रीत म्हणूनच मला मोलाची वाटते. कडक उन्हात माइट सुकतात, पण त्रास देणारी विष्ठेतली प्रथिनं तशीच राहतात. गादी झोडपायची तर ती बाहेरच, आणि दम्याच्या मुलाला तेव्हा लांब ठेवून. खोळी आणि चादरी ६० अंशांच्या पाण्यात धुवायच्या. तेवढ्या गरम पाण्यात माइट मरतात आणि ही प्रथिनंही बरीचशी वाहून जातात.