लाकूडतोड्यांचे सामने कॉलेजात कसे आले

अमेरिका आणि कॅनडातल्या फॉरेस्ट्री, म्हणजे वनशास्त्र शिकवणाऱ्या, कॉलेजांचे संघ आजही कुऱ्हाड आणि करवत घेऊन एकमेकांशी भिडतात. हा खेळ कॉलेजात रुजला तो नेमका त्या वेळी, जेव्हा जंगलात या हत्यारांचे दिवस भरत आले होते.

मुळात ही चढाओढ लाकूडतोड्यांच्या छावण्यांमधली. कोण आधी ओंडका तोडतो, यावर पैजा लागत. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरच्या लॅट्रोब इथे 1891 साली कुऱ्हाडबाजांची रीतसर संघटना उभी राहिली. अमेरिकेत मात्र तरंगत्या ओंडक्यावर तोल सांभाळायच्या शर्यतीला आधी मान मिळाला, कारण तिथे लाकूड नदीतून वाहून नेले जाई.

दुसऱ्या महायुद्धानंतर एका माणसाला पेलवणारी चेनसॉ, म्हणजे इंजिनावर चालणारी करवत, आली आणि हातकरवत मागे पडू लागली. 1947 मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या डार्टमथ कॉलेजात रॉस मॅकेनी या मेन राज्यातल्या जंगल-वाटाड्याने आंतर-महाविद्यालयीन सामने सुरू केले. अमेरिकेच्या ईशान्येत सहा जणांचा संघ ही पद्धत रूढ झाली. पुरुषांचा, महिलांचा आणि मिश्र असे वेगळे संघ उतरतात. दक्षिणेकडच्या कॉलेजांचा मेळावा 1958 पासूनचा. तिथे ताकदीबरोबर अभ्यासही तपासतात: झाडांची ओळख, उभ्या झाडातून किती लाकूड निघेल याचा अंदाज, होकायंत्र घेऊन पावलांनी अंतर मोजणे. फॉरेस्ट्रीच्या विद्यार्थ्याला हे यायलाच हवे, म्हणून ही रीत मला जास्त पटते.

खरे कसब दिसते ते आडव्या ओंडक्यावर. खेळाडू त्यावरच चढून उभा राहतो. पाय ठरावेत म्हणून आधी खाचा पाडून घेतलेल्या असतात. पायांत साखळीचे मोजे किंवा धातूची कवचे असतात, कारण घाव पडतो तो दोन पायांच्या मधे. एका बाजूने मध्याच्या थोडे पुढे जायचे, मग वळून दुसऱ्या बाजूने. घाव सुमारे 45 अंशांत तिरका हवा, आणि खाचेचे तोंड ओंडक्याच्या जाडीइतके रुंद. नवखे इथेच फसतात: तोंड अरुंद ठेवले की ढलप्या बाहेर पडत नाहीत, कुऱ्हाड अडकते. सरळ घातलेला घाव तर लाकडात नुसता रुततो. गाठ लागली किंवा लाकूड गोठलेले असले, तर शर्यतीच्या पातळ धारेचा तुकडाच उडतो. म्हणून रोजच्या सरावाची कुऱ्हाड वेगळी ठेवतात.

सगळी भांडणे लाकडावरून. एकाच झाडाचे दोन ओंडकेही सारखे कठीण नसतात, त्यामुळे ते शक्यतो एका मापाचे निवडतात आणि कुणाला कुठला, ते चिठ्ठ्या टाकून ठरते.

दोघांच्या करवतीत ताकद दुय्यम. प्रत्येकाने फक्त ओढायचे. ढकलले की पाते वाकते आणि जोडीदाराचाही वेग जातो. भुशाऐवजी लांब दोऱ्यांसारखे लाकूड निघाले, तर दात नीट लागले आहेत असे समजावे. एकट्याच्या करवतीत मदतनीस तेल घालतो आणि चीर मिटू नये म्हणून पाचर मारतो. करवतीला हात मात्र लावत नाही. पाते तिरपे गेले की ते जाम होते.

पुढे 1985 मध्ये चेनसॉ बनवणाऱ्या श्टील कंपनीने टिंबरस्पोर्ट्स ही मालिका काढली आणि नंतर तिची कॉलेजांसाठीही शाखा झाली. तिथे उभा ओंडका, आडवा ओंडका, एकट्याची करवत आणि चेनसॉ असे चार प्रकार असतात. चेनसॉ सगळ्यांना एकाच बनावटीची मिळते. सुरुवातीला ती जमिनीवर चालू असते आणि खेळाडूचे दोन्ही हात लाकडावर. इशारा झाला की उचलायची आणि ओंडक्याची एक चकती वरून खाली, दुसरी खालून वर कापायची. दोन्ही पूर्ण चकत्या 4 इंचांच्या रेषेच्या आत यायला हव्यात. चकती अर्धवट सुटली किंवा रेषा ओलांडली, की खेळाडू बाद.