फाळक्यांनी एका रात्रीत सगळं सोडलं नव्हतं

आमच्या दांडिया बाजारात मुलांच्या करिअरचा विषय निघाला की कुणीतरी हमखास दादासाहेब फाळक्यांचं नाव घेतं. ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला, सगळ्यावर पाणी सोडलं आणि सिनेमा काढला. म्हणजे आवड असली की बाकी आपोआप होतं!

तसं घडलेलं नाही, आणि वडोदऱ्याच्या माणसांना तरी हे ठाऊक असायला हवं. फाळके 1885 साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले आणि पुढे आपल्याच कलाभवनात शिकले. फोटोग्राफीचा पाया इथे पक्का झाला. मग गोध्र्यात फोटो स्टुडिओ, पुरातत्त्व खात्यात नोकरी, छपाईचा धंदा. तो चित्रपट पाहिला तेव्हा वयाची चाळिशी आली होती आणि छापखाना भागीदारांशी न पटल्यामुळे आधीच सुटला होता.

त्यानंतरही लगेच उडी नाही. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून 1912 मध्ये ते लंडनला गेले, तंत्र शिकले, कॅमेरा आणला. भांडवल देणाऱ्याला पटावं म्हणून कुंडीत वाटाणा पेरला आणि कोंब वर येताना एकेक चौकट टिपत गेले. पडद्यावर ते रोप भराभर वाढताना दिसलं, तेव्हा पैसा उभा राहिला. ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी प्रदर्शित झाला.

नोकरी सोडायला निघालेल्या मुलाला फाळक्यांची गोष्ट जरूर सांगा, पण वाटाण्यासकट सांगा.