शिखर नेमके कोणत्या आलेखाचे?

वायूतले सर्वांत जास्त रेणू ज्या वेगाच्या आसपास असतात, त्या सर्वाधिक संभाव्य वेगाचे सूत्र काढायला दोन ओळी पुरतात. कोणत्या वेगाचे किती रेणू हे सांगणाऱ्या वितरणफलाचे अवकलन करायचे, उत्तर शून्याबरोबर मांडायचे. २केटी भागिले एम, याचे वर्गमूळ हाती येते (के म्हणजे बोल्ट्झमन स्थिरांक, टी केल्विनमधले तापमान, एम रेणूचे वस्तुमान). शून्य वेग हेही एक उत्तर निघते, पण तिथे आलेखाचा तळ आहे म्हणून ते सोडतात.

वायूचा दाब रेणूंच्या धडकांमुळे असतो, हे १७३८ मध्येच छापून आले होते. वेगांचे वितरण मात्र १८५९ मध्ये ॲबर्डीनच्या परिषदेत मांडले गेले. निरीक्षणातल्या चुकांसाठी खगोलशास्त्रज्ञ वापरत तेच घातांकी रूप त्यात रेणूंना लावले होते. पुढच्या वर्षी छापलेल्या त्या निबंधातला अल्फा म्हणजेच आपला सर्वाधिक संभाव्य वेग. तो मूळ सूत्रातच होता.

खरा गुंता पुढे आहे. पणजीत २७ अंश सेल्सियस तापमान असताना नायट्रोजनसाठी हा वेग सेकंदाला सुमारे ४२२ मीटर येतो आणि त्या वेगाची गतिज ऊर्जा भरते केटी. आता तेच रेणू ऊर्जेनुसार मांडून अवकलन करा: शिखर केटीवर नाही, अर्ध्या केटीवर येते, म्हणजे वेग जेमतेम २९८. रेणू तेच, तापमान तेच. वेगाचे आणि ऊर्जेचे समान तुकडे एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून शिखर सरकते. भांड्याच्या बारीक भोकातून निघणाऱ्या रेणूंच्या झोतात तर वेगवान रेणूंचाच भरणा जास्त. तिथे वितरणाच्या सूत्रात वेगाच्या वर्गाऐवजी घन येतो आणि शिखर ५१७ वर जाते, अगदी आरएमएस वेगावर, म्हणजे वेगांच्या वर्गांच्या सरासरीच्या वर्गमुळावर! १९२० मध्ये चांदीच्या अणूंवर पहिले थेट मापन झाले, तेव्हा हा घन नजरेतून सुटला होता. एका सहकाऱ्याने ते दाखवून दिल्यावर त्याच वर्षी पुरवणी छापावी लागली. १९५५ च्या पोटॅशियम आणि थॅलियमवरील मोजणीत घन धरूनच आलेख जुळला.

२०२२ मध्ये अकरावीच्या एनसीईआरटीच्या (राष्ट्रीय शैक्षणिक परिषदेच्या) रसायनशास्त्र पुस्तकातून द्रव्याच्या अवस्थांचे प्रकरणच गेले. गोव्यातल्या हायर सेकंडरीत हीच पुस्तके चालतात. ओझे कमी करायचे हे कारण समजण्यासारखे आहे, पण कात्री भलत्या जागी लागली. भौतिकशास्त्रात आरएमएस वेग राहिला, आणि त्याला आलेख लागत नाही. कॉलेजात गेल्यावर वितरण समोर येते तेव्हा मुले अवकलन बिनचूक करतात. आडव्या अक्षावर वेग आहे की ऊर्जा, हे विचारले की अडतात.