‘देव अशी मुले खंबीर आईच्याच पदरी घालतो’ : एका समजाचा खुलासा

बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाच्या आईला ‘तू खंबीर आहेस, म्हणूनच देवाने तुझी निवड केली’ असे सांगितले जाते आणि त्यातून तिला आधाराची गरज नसते, असा समज रुजला आहे. तो चुकीचा आहे. अशा मातांमध्ये ताण व नैराश्य यांचे प्रमाण अधिक असल्याचे अनेक देशांतील अभ्यासांत आढळले आहे. शिवाय हा ताण मुलाच्या बुद्ध्यंकापेक्षा त्याच्या वर्तनसमस्यांशी, म्हणजे आक्रस्ताळेपणा किंवा स्वतःला इजा करून घेणे यांसारख्या गोष्टींशी, अधिक निगडित असतो. त्यामुळे वर्तनोपचार आणि सांभाळात घरच्यांचा प्रत्यक्ष वाटा, या दोन्हींचा लाभ आईलाही होतो.

‘गरोदरपणी ग्रहण पाळले नाहीस’ हा ठपका तर अधिकच क्रूर आहे, कारण उदाहरणार्थ डाउन सिंड्रोम या बौद्धिक दिव्यांगत्व आणणाऱ्या जन्मजात स्थितीचे कारण २१व्या गुणसूत्राची जादा प्रत हे आहे, हे १९५९ पासून ज्ञात आहे. थकलेल्या आईचे मुलावरील प्रेम कमी झालेले नसते. तिला सतत उदास वाटत असेल, झोप लागत नसेल, तर ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर समुपदेशकांशी विनामूल्य बोलता येते.