चाकोभोवतीचे दहा मैल

अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या वायव्य कोपऱ्यात चाको कॅन्यन आहे. साधारण इ. स. ८५० ते १२५० या काळात प्युब्लो या आदिवासी लोकांच्या पूर्वजांनी इथे शेकडो खोल्यांचे दगडी वाडे उभारले. १९०७ मध्ये हे राष्ट्रीय स्मारक झालं, १९८७ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं. स्मारकाच्या आत कुणी तेलासाठी विहीर खणत नाही. भांडण आहे ते कुंपणाबाहेरच्या जमिनीचं.

ती जमीन म्हणजे गुंताच. केंद्र सरकारची, राज्याची, नवाहो नेशनची (म्हणजे नवाहो आदिवासींच्या स्वशासनाची) आणि नवाहो कुटुंबांची असे तुकडे एकमेकांत अडकलेले, म्हणून तिला ‘चेकरबोर्ड’, म्हणजे बुद्धिबळाचा पटच म्हणतात. कुटुंबांना पूर्वी साधारण १६० एकरांचे तुकडे मिळाले. आपल्याकडे सातबाऱ्यावर वारसांची नावं वाढत जातात तशीच तिथेही वाढली, आणि तेलाची रॉयल्टी त्या सगळ्यांत वाटली जाते. तेलाशी नातंही जुनंच. १९२३ मध्ये नवाहोंची कौन्सिल स्थापन झाली, तीच मुळात तेलाच्या भाडेपट्ट्यांना मंजुरी द्यायला कुणीतरी हवं म्हणून!

गेल्या दशकात आडव्या विहिरी (खोल गेल्यावर जमिनीखालून आडव्या लांबवर नेलेल्या) आणि फ्रॅकिंग (दाबाने पाणी सोडून खडक फोडत तेल काढणं) आलं, तसा विरोधाला जोर चढला. सरकारी जमिनीचा कारभार पाहणाऱ्या ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटचा आराखडा मात्र २००३ चा, म्हणजे त्याआधीचा होता. ‘दिने केअर’ ही नवाहोंचीच संघटना २०१५ मध्ये या विहिरींच्या मंजुरीविरुद्ध कोर्टात गेली. पुढच्याच वर्षी याच भागातल्या नागीझी गावाजवळ तेलाच्या ३६ टाक्या पेटल्या आणि आसपासच्या लोकांना घरं सोडावी लागली. २०१९ मध्ये अपील कोर्टाने म्हटलं की, काही विहिरींना मंजुरी देताना एकूण पाणी किती लागेल याचा हिशेबच नीट मांडलेला नाही.

जून २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या जमिनी ज्या खात्याकडे असतात त्या ‘इंटिरियर’ खात्याच्या तेव्हाच्या मंत्री डेब हालंड यांनी स्मारकाभोवती दहा मैलांपर्यंतच्या सुमारे ३ लाख ३६ हजार एकर सरकारी जमिनीवर २० वर्षं तेल-वायूचे नवे पट्टे द्यायला बंदी घातली. त्या स्वतः लगुना या प्युब्लो समाजाच्या. पण चाकोत सोहळा करायला निघाल्या, तर नवाहो जमीनमालकांनीच रस्ता अडवला. बंदी त्यांच्या जमिनीवर नव्हती, हे खरं. पण शेजारची सरकारी जमीन सोडून आडवी विहीर न्यायची कशी? कंपन्या येणार नाहीत, रॉयल्टी बुडेल, हे त्यांचं म्हणणं. नवाहो कौन्सिलने आधी पाच मैलांची तडजोड मान्य केली होती, पुढे तोही पाठिंबा काढून घेतला. जानेवारी २०२५ मध्ये नवाहो नेशनने या बंदीविरुद्ध दावा लावला.

बंदीआधी दिलेले पट्टे मात्र तसेच चालू आहेत.