आजोळ ते शिबिर: मे महिन्यातल्या रानाची गोष्ट

एप्रिलमध्ये परीक्षा आटोपल्या की सोसायटीच्या फलकावर निसर्ग शिबिरांची पत्रकं झळकू लागतात. टोपी, पाण्याची बाटली, विजेरी, फिकट रंगाचे कपडे, मोबाईल नको. पालक फीचा आकडा वाचून थबकतात आणि त्यांच्याही मागच्या पिढीला प्रश्न पडतो: रान बघायला पैसे?

प्रश्न रास्त आहे. त्या पिढीच्या लहानपणी मुंबई-पुण्यातल्या बहुतेक घरांचं गाव शाबूत होतं. मे महिना म्हणजे कोकणातलं नाहीतर घाटावरचं आजोळ. करवंदीच्या जाळीत हात कुठून घालायचा, फुरसं कुठल्या पाचोळ्यात असतं, विहिरीत पहिली उडी कधी मारायची, हे मामा-मावशांच्या पोरांकडून फुकटात कळे. पुढे ते गावच शहरात आलं, आजी-आजोबाही फ्लॅटमध्ये आले. शिबिराची मागणी तिथून सुरू झाली, असं माझं मत आहे. शिबिर ही कल्पना मात्र त्याहून बरीच जुनी आणि परदेशी.

अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात फ्रेडरिक गन नावाचे शाळामास्तर होते. 1861 मध्ये तिथं यादवी युद्ध पेटलं आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना सैनिकांसारखं तंबूत राहायची हौस आली. त्या ऑगस्टमध्ये गन मुलांना घेऊन साठेक किलोमीटर चालत समुद्रकाठी गेले आणि दोनेक आठवडे तिथं राहिले. आधुनिक उन्हाळी शिबिराची सुरुवात सहसा इथूनच धरतात. इंग्लंडमध्ये 1907 च्या ऑगस्टमध्ये लष्करी अधिकारी बेडन-पॉवेल यांनी ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचं शिबिर घेतलं. त्यात बड्या शाळांतली मुलं होती आणि कष्टकऱ्यांचीही. माग काढणं, निरीक्षण, शेकोटी असं सगळं तिथं होतं, पण रोख मुलं काटक करण्यावर होता. पक्षी हा पक्षी म्हणून बघायचा, हे त्यात दुय्यम.

या शिबिरातून पुढे आलेलं स्काउटिंग 1909 मध्ये भारतात आलं ते गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतं. भारतीय मुलांना दार बंद होतं, म्हणून 1916 मध्ये ॲनी बेझंट यांनी मद्रासमध्ये वेगळी संघटना काढली. या साऱ्या शाखा एकत्र येऊन ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ व्हायला 1950 उजाडलं. दरम्यान 1941 मध्ये पुण्यात राष्ट्र सेवा दल उभं राहिलं. शिबिर हा शब्द मराठी घराघरांत रुजला त्यात सेवा दलाचा वाटा मोठा. तिथं श्रमदान होतं, गाणी होती, जातपात मोडून एका पंगतीत बसणं होतं. झाडाचं नाव विचारायला वेळ कुणाला?

‘बघण्या’ची परंपरा मुंबईत आधीपासून होती, वेगळ्या लोकांची. 15 सप्टेंबर 1883 रोजी भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयात, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ जण जमले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. सहा इंग्रज, दोन भारतीय. ते दोघे म्हणजे प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि रखमाबाईंचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन. समाजसुधारणेच्या इतिहासात ही नावं आपण वाचतो, पण निसर्ग अभ्यासाच्या उंबरठ्यावरही तीच उभी होती हे सहसा कुणी सांगत नाही. सोसायटीचा सुरुवातीचा संसार फिप्सन या मद्यव्यापाऱ्याच्या जागेत चालला. सभासदांत शिकारी पुष्कळ होते आणि अभ्यासाला पक्ष्या-प्राण्यांचा नमुना बंदुकीनंच मिळे.

पक्षितज्ज्ञ सालीम अलींची कथाही छर्‍याच्या बंदुकीपासूनच सुरू होते. लहान वयात त्यांनी टिपलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती, हे काही केल्या कळेना, तेव्हा मामांनी चिठ्ठी देऊन त्यांना सोसायटीत धाडलं. सचिव मिलार्ड यांनी त्या पोराला हाकललं नाही. कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले. निसर्ग शिबिर चालवणारा चांगला माणूस आजही याहून वेगळं काही करत नाही.

म्हणजे रानात जाऊन राहणारे वेगळे आणि रान ओळखणारे वेगळे. ते एकत्र आले सत्तरच्या दशकापासून पुढे. गिरिविहारसारख्या संस्था पन्नासच्या दशकापासून डोंगर चढत होत्या आणि किल्ल्यांच्या वाटा मध्यमवर्गीय पोरांच्या पायाखालच्या झाल्या होत्या. 1969 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफ या वन्यजीव रक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची भारतीय शाखा मुंबईत सुरू झाली, 1972 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीला चाप बसला. 1973 च्या व्याघ्र प्रकल्पात मेळघाट पहिल्या नऊ जंगलांत होता. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या अभ्यासकांनी देवराया, म्हणजे देवाच्या नावानं राखलेली रानं, अभ्यासाच्या नकाशावर आणल्या त्याच दशकात. बंदूक खाली ठेवली गेली, दुर्बीण गळ्यात आली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शताब्दीच्या निमित्तानं सरकारनं गोरेगावला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून 33 एकर जागा दिली, तिथं निसर्ग शिक्षण केंद्र उभं राहिलं. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं. त्यातून वर्गात एक पुस्तक आलं आणि प्रकल्पवह्यांचा धंदा. रानात नेण्याचं काम बहुतांशी संस्थांवरच राहिलं.

राहतो मे महिना. सह्याद्रीत फिरायला याहून वाईट काळ नाही: कातळ तापलेला, टाकी आटलेली. शिबिरं मेमध्ये होतात ती सुट्टीमुळे, निसर्गामुळे नव्हे, असं मी बरीच वर्षं समजत होतो. ते अर्धंच खरं. पाणी आटलं की जनावरं उरलेल्या पाणवठ्यांवर येतात. म्हणून तर वनखातं बुद्ध पौर्णिमेच्या रात्री, लख्ख चांदण्यात, मचाणांवरून प्राणी मोजत असे. मोजणीचं काम आता कॅमेऱ्यांकडे गेलं, पण ती रात्र ‘निसर्गानुभव’ या नावानं टिकली आहे. याच दिवसांत पावशा ‘पेरते व्हा’ करत ओरडतो, स्वर्गीय नर्तक घरटं बांधतो, नवरंग येऊन सकाळ-संध्याकाळ शीळ घालतो. महिन्याच्या अखेरीस भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाचीकडे काजवे सुरू होतात. तिथं हल्ली गाड्यांची रांग लागते, आणि हेडलाइटच्या झोतात काजव्यांची एकमेकांना दिलेली खूण बुडून जाते. जाणते शिबिरवाले त्या झाडांपासून बरंच अलीकडे मुलांना थांबवतात आणि यादीत मुद्दाम आणायला सांगितलेल्या विजेऱ्या बंद करायला लावतात. पहिली पाचेक मिनिटं कुणाला काहीच दिसत नाही.