इराणच्या श्वेतक्रांतीतील जमीनवाटप : पार्श्वभूमी

इराणचा शहा म्हणजे राजा मोहम्मद रझा पहलवी याने २६ जानेवारी १९६३ रोजी ‘श्वेतक्रांती’ म्हणून ओळखल्या गेलेल्या सहा कलमी सुधारणा कार्यक्रमावर सार्वमत घेतले आणि जवळजवळ सर्वच मते बाजूने पडल्याचे सरकारने जाहीर केले. जंगलांचे राष्ट्रीयीकरण, कामगारांना नफ्यात वाटा, स्त्रियांना मताधिकार, खेड्यांत शिकवायला जाणारे साक्षरता दल अशी कलमे त्यात होती. पण कार्यक्रमाचा कणा जमीन सुधारणेचाच होता, आणि तिचा कायदा सार्वमताच्या वर्षभर आधी, म्हणजे जानेवारी १९६२ मध्येच लागू झाला होता. तेव्हा संसद बरखास्त होती. जमीनदारांचा भरणा असलेल्या आधीच्या संसदेने १९६० चा कायदा पार बोथट करून ठेवला होता, म्हणून या वेळी तिला वगळण्यात आले. सुधारणा हवी पण हुकूमशाही नको, असे म्हणणाऱ्या विरोधकांचा आक्षेप नेमका यावर होता.

त्यापूर्वीच्या आधुनिकीकरणाने जमिनीच्या मालकीला हात लावला नव्हता. १८५१ मध्ये तेहरानला नव्या विद्यांचे शिक्षणालय निघाले, १९०६ मध्ये राज्यघटनेची चळवळ यशस्वी झाली, आणि मोहम्मद रझाचे वडील, पहिले पहलवी शहा, यांनी कॅस्पियन समुद्रापासून इराणच्या आखातापर्यंत रेल्वे नेली. मात्र त्यांनीच शेकडो गावे स्वतःच्या नावावर करून घेतली. त्यांतील काहींचे वाटप मोहम्मद रझाने १९५१ पासून सुरू केले.

१९६२ च्या कायद्यानुसार जमीनदाराला देशभरातील आपल्या गावांपैकी एकच गाव ठेवता येणार होते. बाकीच्यांची भरपाई त्याने आजवर भरलेल्या कराच्या पटीत ठरणार होती, त्यामुळे वर्षानुवर्षे कर चुकवण्यासाठी उत्पन्न कमी दाखवणाऱ्यांच्या हाती बेताचीच रक्कम पडली. अंमलबजावणी इराणच्याच वायव्येकडील अझरबैजान प्रांतातल्या मराघे भागातून सुरू झाली.

परंतु जमीन द्यायची कोणाला, हा या कायद्यातला कळीचा निर्णय होता आणि त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. पीक वाटून घेताना जमीन, पाणी, बियाणे, बैल आणि श्रम असे पाच घटक धरण्याची तिथली रीत होती. ज्याचे जितके घटक, तितका त्याचा वाटा. गावात ज्या वाटेकऱ्याचा जमीन कसण्याचा परंपरागत हक्क मान्य होता, त्याला ‘नसक’धारी म्हणत. कायद्याने जमीन फक्त या नसकधाऱ्यांनाच दिली. ज्यांना ‘खुशनशीन’ म्हणत, ते कापणी-मळणीला राबणारे शेतमजूर आणि गावातले इतर बिगरशेती लोक वगळले गेले, आणि ग्रामीण कुटुंबांत त्यांचा हिस्सा फार मोठा होता. तयार गावनोंदींवरून वाटप झटपट उरकता येते, ही प्रशासनाची सोय समजण्यासारखी आहे. तरीही ज्यांच्याकडे श्रमाखेरीज काहीच नव्हते, त्यांनाच रिकाम्या हाती ठेवणारी सुधारणा अपुरी होती, असे म्हटल्यावाचून राहवत नाही. शिवाय फळबागा आणि यंत्राने, रोजंदारीवर कसलेली जमीन यांना सूट होती. ट्रॅक्टर आणून जमीन वाचवण्याची वाट त्यामुळे मोकळी राहिली.

कृषिमंत्र्यांनी मार्च १९६३ मध्ये पद सोडले. त्यानंतरच्या दुसऱ्या टप्प्यात जमीनदाराला पाच पर्याय मिळाले, त्यांत तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याचाही समावेश होता. पुष्कळ ठिकाणी कुळाच्या हाती सातबाऱ्यासारखा मालकीचा कागद न येता खंडाचा करार आला. जून १९६३ मध्ये एका ज्येष्ठ धर्मगुरूच्या अटकेनंतर शहरांत उसळलेला उद्रेक मुख्यतः शहा आणि त्याच्या राजवटीविरुद्ध होता. त्याचे सगळे श्रेय वक्फच्या, म्हणजे धर्मादाय संस्थांच्या, जमिनींच्या प्रश्नाला देणे सोपे असले तरी बरोबर नाही.

गावातला बदल पाण्याच्या बाजूने अधिक स्पष्ट दिसतो. डोंगरपायथ्यापासून भुयारातून पाणी आणणाऱ्या कनातींचा गाळ दरवर्षी उपसावा लागतो आणि त्याचा खर्च पूर्वी जमीनदार करीत असे. तो बाजूला झाल्यावर तो भार नव्या मालकांवर आणि त्यांच्या सहकारी संस्थांवर आला, ज्यांच्याकडे भांडवल तुटपुंजे होते. ज्याच्याजवळ पैसा होता त्याने खोल विहीर खणून पंप बसवला, आणि शेजारच्या कनातीचे पाणी आटत गेले. १९६८ पासून सरकारने शेती महामंडळे काढली. त्यांत शेतकऱ्याने काही वर्षांपूर्वीच मिळालेली जमीन द्यायची आणि बदल्यात समभाग घ्यायचे, अशी योजना होती. तेहरानची लोकसंख्या १९६६ मध्ये सुमारे २७ लाख होती, ती १९७६ पर्यंत ४५ लाखांवर गेली. या वाढीत गाव सोडून आलेल्यांचा मोठा वाटा होता. १९७९ च्या क्रांतीनंतर बहुतेक शेती महामंडळे विसर्जित झाली आणि सभासदांनी आपापल्या जमिनी परत घेतल्या.